काडतुसाची बैठक
(नासिक येथील एका सेवानिवृत्त शिक्षकाचें नभोवाणीवरील भाषण)

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं पुष्कळांना नवल वाटलें असेल. ज्यानें अडतीस वर्षें शाळेंत मुलांना गणित आणि विज्ञान शिकविलें, त्या मास्तरानें नभोवाणीवर येऊन बंदुकीच्या काडतुसाविषयीं बोलावें, हें वरवर पाहतां विसंगत दिसतें खरें. मी जुन्या अकरावीपर्यंत शिकलेला, म्हणजे केवळ मॅट्रिक झालेला मनुष्य आहें. सैन्यांत मीं नोकरी केलेली नाहीं, आणि बंदुका दुरुस्त करण्याची विद्याहि मला अवगत नाहीं. परंतु वयाच्या पंधराव्या वर्षीं माझ्या हातून एक लहानशी चूक घडली. त्या चुकीनें मला जो धडा दिला, तो पुढें वर्गांत शिकविलेल्या अनेक धड्यांपेक्षां अधिक टिकला. तोच आज आपणांपुढें मांडणार आहें.

शिवाय, श्रोतेहो, नासिक हें जसें गोदावरीचें आणि देवळांचें गांव, तसेंच तें शस्त्रविद्येचेंहि गांव आहे. १९३७ सालीं डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनीं भोंसला सैनिकी विद्यालय येथेंच स्थापन केलें. राज्याच्या पोलीस अधिकाऱ्यांचें शिक्षण येथील पोलीस अकादमींत होतें. देवळालीस तोफखान्याचें विद्यालय आहे, आणि वारा अनुकूल असला कीं तेथील सरावाचा आवाज आमच्या माजघरापर्यंत येऊन पोहोंचतो. खंडेनवमीस तर शहरांतील कित्येक जुन्या घरांत आजहि कपाटांतून आजोबांची बंदूक निघते, तिला हळदकुंकू लागतें आणि झेंडूचें फूल वाहिलें जातें. अशा गांवांत बंदुकीच्या पोटांत काय चालतें, याची थोडी माहिती शहाण्या गृहस्थांस असावी, हें अस्थानीं होणार नाहीं.

आतां माझी चूक सांगतों. १९७२ सालचा हिवाळा होता. राष्ट्रीय छात्रसेनेचें शिबिर गांवाबाहेरच्या माळावर भरलें होतें. आम्ही धाकटीं मुलें बावीस बोअरच्या हलक्या बंदुकीनें नेम धरीत असूं. थोरल्या मुलांकरितां मात्र थ्री-नॉट-थ्री बंदुका आणलेल्या होत्या. संध्याकाळीं चांदमारी संपली, म्हणजे त्या पुसून ठेवण्याचें काम आम्हां धाकट्यांकडे येई. त्या दिवशीं माझ्यापुढें सहा बंदुका होत्या. मीं सहाहि बोल्ट काढून एका पोत्यावर रांगेनें ठेवले, नळ्या साफ केल्या, आणि जो बोल्ट हाताला लागला तो ज्या बंदुकींत गेला तींत घालून टाकला. सगळे बोल्ट दिसावयास सारखे. सगळे नीट बसले. सगळे खट् करून मिटले. काम लवकर उरकल्याचा मला अभिमानहि वाटला.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आमचे उस्ताद, सातारा जिल्ह्यांतले एक वयस्क हवालदार, गोळीबार सुरू होण्यापूर्वीं एकेक बंदूक उचलून पाहूं लागले. प्रत्येक बंदुकीच्या अंगावर एक क्रमांक कोरलेला असतो, आणि तोच क्रमांक तिच्या बोल्टच्या मुठीवरहि असतो. दोन बंदुकींवरचे क्रमांक जुळेनात. उस्तादांनीं चांदमारी थांबविली आणि विचारलें, "काल हत्यारं कुणी पुसली?" मी पुढें झालों. आतां दोन थपडा बसणार, अशी माझी खात्री होती. परंतु त्यांनीं मला जवळ बसवून घेतलें आणि पिशवींतून पितळेचा एक तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला. ती एक नळकांडी होती. दोन्ही बाजूंनीं उघडी, एका बाजूची कड फाटलेली. "पोरा, हें काडतूस कोठींत दुभंगलं," ते म्हणाले. "ज्याच्या हातांत बंदूक होती, त्याच्या डोळ्याखालची कातडी भाजली. डोळा वांचला, हें त्याचं नशीब. बोल्ट आणि बंदूक यांची गांठ कारखान्यांत घातलेली असते. ती आपण सोडायची नाहीं."

ही गांठ कसली, हें समजण्यासाठीं काडतूस म्हणजे काय तें आधीं पाहूं. काडतूस म्हणजे एक पितळी डबी. या पितळेंत शेंकडा सत्तर भाग तांबें आणि तीस भाग जस्त असतें. डबीच्या तोंडीं गोळी बसविलेली असते, पोटांत दारू असते आणि बुडाशीं एक लहानशी टोपी असते. घोडा ओढला कीं अणकुचीदार पिन टोपीवर आपटते, ठिणगी पडते, दारू पेटते आणि तिचा वायु होतो. हा वायु गोळीस पुढें ढकलतो, तसाच तो काडतुसाच्या बुडासहि मागें ढकलतो. गोळीला जावयास नळी मोकळी आहे. बुडाला मात्र जावयास वाट नसावी. कारण बुडाच्या मागें बोल्ट आहे, आणि बोल्टच्या मागें नेम धरणाऱ्याचें तोंड आहे.

हा जोर केवढा असतो, तें घरांतल्या वस्तूवरून सांगतों. आपल्या स्वयंपाकघरांतील कुकर शिट्टी देतो, तेव्हां त्याच्या पोटांत बाहेरच्या हवेपेक्षां दर चौरस इंचास सुमारें १५ पौंड अधिक दाब असतो. तेवढ्या दाबासाठीं आपण झांकण घट्ट बसवितों, रबराचें कडें तपासतों, आणि एका कुकराचें झांकण दुसऱ्यावर बसवीत नाहीं. थ्री-नॉट-थ्री बंदुकीच्या कोठींतील दाब दर चौरस इंचास सुमारें १८ ते २० टन धरीत असत. म्हणजे कुकराच्या अडीच हजार पटींहून अधिक! आणि तो येऊन ओसरण्यास लागणारा वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास. एवढ्या वेळांत डोळ्याची पापणीहि मिटत नाहीं.

या दाबास आंत कोंडून ठेवण्याचें काम केवळ पोलाद करीत नाहीं. तें काम पितळ करतें. दारू पेटतांच काडतुसाची पातळ भिंत फुगून कोठीच्या भिंतीस घट्ट चिकटते, आणि वायूस मागें येण्याची वाट बंद होते. दाब ओसरला कीं पितळ किंचित् आंखडतें, म्हणूनच रिकामें काडतूस सहज बाहेर ओढतां येतें. परंतु काडतुसाचें बूड जाड असतें. तें भिंतीस चिकटत नाहीं. पुढचा भाग कोठीस धरून बसलेला, आणि बूड मागें ढकललें जात आहे, अशी ही ओढाताण असते. बुडाच्या मागें बोल्ट अगदीं टेंकलेला असला, तर बूड जागचें हलत नाहीं. तेथें मोकळी जागा राहिली, तर बूड तेवढें मागें सरकतें, आणि बुडाच्या किंचित् पुढें पितळ ताणलें जातें.

हीच ती गांठ. मिटलेल्या बोल्टच्या तोंडापासून, काडतुसास पुढें जाण्यापासून अडविणाऱ्या कोठींतील टेंक्यापर्यंत जें अंतर, त्यास इंग्रजींत हेडस्पेस म्हणतात. मराठींत त्यास रूढ शब्द नाहीं. मी आपला त्याला काडतुसाची बैठक म्हणतों. बैठक घट्ट हवी, पण आवळलेली नको. मोकळी हवी, पण ढिली नको.

आतां अंक ऐका. थ्री-नॉट-थ्रीच्या काडतुसाच्या बुडाशीं बाहेर आलेली एक कडा असते, आणि ती कडा नळीच्या मागच्या तोंडावर टेंकते. या कडेची जास्तींत जास्त जाडी ०.०६४ इंच. बैठक कमींत कमी तेवढीच हवी, आणि जास्तींत जास्त ०.०७४ इंच चालेल, असें सैन्याचें माप होतें. दोहोंमधील फरक ०.०१० इंच, म्हणजे मिलिमीटरचा सुमारें चौथा हिस्सा. एखाद्या जाड कार्डाच्या जाडीएवढा. चांगली बंदूक आणि मोडींत काढण्याजोगी बंदूक यांच्यामध्यें एवढेंच अंतर! मीं जेव्हां सहा बोल्ट पोत्यावरून उचलून हवे तेथें घातले, तेव्हां याच चौथ्या हिश्शाशीं मी खेळत होतों. कदाचित् त्या दिवशीं कांहीं झालें नसतें. कदाचित् झालें असतें. माझा हात त्या दोहोंत भेद करूं शकत नव्हता, हीच भीतीची गोष्ट.

बैठक वाजवीपेक्षां मोठी झाली, तर काय होतें? पहिल्या एकदोन वेळीं बहुधा कांहींच नाहीं. पितळ ताण सोसतें. फक्त रिकाम्या काडतुसावर बुडाजवळ एक चकचकीत वलय दिसतें. जाणत्यास तें वलय म्हणजे इशारा. ताण याहून वाढला, तर वलयापाशीं चीर पडते. त्याहूनहि वाढला, तर काडतूस दुभंगतें. बूड बोल्टबरोबर बाहेर येतें आणि नळकांडी कोठींतच रुतून बसते. मग पुढचें काडतूस आंत जात नाहीं आणि बंदूक अडते. सैन्यांत असें तुटलेलें काडतूस ओढून काढण्याचें एक स्वतंत्र हत्यारच ठेवीत असत. यावरून हा प्रकार किती परिचयाचा होता, हें ध्यानांत येईल. परंतु बंदूक अडणें हें त्यांतल्या त्यांत सुदैव. चिरेंतून निसटलेला तापलेला वायु बोल्टच्या कडेनें मागें आला, तर तो नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांवर येतो. म्हणूनच आज चांदमारीच्या मैदानावर डोळ्यांस जाड चष्मा लावण्याचा आग्रह धरतात.

उलट, बैठक फार लहान असली, तर बोल्ट पुरता मिटत नाहीं. उतावळा मनुष्य मग तळहातानें ठोकून तो मिटवूं पाहतो. कुलूप अर्धवट लागलेलें असतांना दारू पेटली, तर बोल्टच्या खुंट्यांस पुरता आधार मिळत नाहीं, आणि हा धोका ढिल्या बैठकीपेक्षां कमी नाहीं. म्हणून जाणते लोक सांगतात कीं, बंदूक मिटत नसेल तर तिच्याशीं झुंजूं नये. काडतूस बाहेर काढावें आणि कारण शोधावें.

सगळ्याच काडतुसांची बैठक एके ठिकाणीं नसते. थ्री-नॉट-थ्री, बारा बोअर आणि बावीस बोअर हीं काडतुसें बुडाच्या कडेवर टेंकतात. सैन्यानें पुढें घेतलेलें ७.६२ मिलिमीटरचें काडतूस आणि त्यानंतरचें ५.५६ मिलिमीटरचें काडतूस यांस बाहेर आलेली कडा नसते. तीं मानेखालच्या उतरत्या खांद्यावर टेंकतात. ९ मिलिमीटरच्या पिस्तुलाचें काडतूस आपल्या तोंडाच्या कडेवर टेंकतें. मोठ्या शिकारीच्या कांहीं काडतुसांस बुडाजवळ एक पट्टा असतो, आणि तीं त्या पट्ट्यावर टेंकतात. टेंका कोठेंहि असो; मागची फट मोजक्या मापाची असली पाहिजे, हा नियम सर्वांस सारखाच लागू.

थ्री-नॉट-थ्रीचा इतिहास या दृष्टीनें मोठा बोधप्रद आहे. हें काडतूस ब्रिटिश सैन्यांत १८८८ सालीं आलें. बोल्टची रचना जेम्स पॅरिस ली या संशोधकाची, आणि बंदूक बनली एनफील्डच्या सरकारी कारखान्यांत. म्हणून तिचें नांव ली-एनफील्ड. आपल्याकडे बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यानें ती वर्षानुवर्षें बनविली, आणि तिचीं काडतुसें आमच्या महाराष्ट्रांतल्या खडकीच्या कारखान्यानें भरलीं. खडकीचा हा कारखाना १८६९ सालचा. तेथील काडतुसांच्या बुडावर इंग्रजी के आणि एफ् हीं दोन अक्षरें उमटविलेलीं असत. उस्तादांनीं माझ्या हातावर नळकांडी ठेवली, तेव्हां तिला बूड नव्हतें. त्यामुळें तिची जन्मकथा मला वाचतां आली नाहीं.

या बंदुकीच्या बोल्टचें डोकें वेगळें असून तें आट्यांनीं बोल्टवर बसवितात. दुसऱ्या महायुद्धांत लक्षावधि बंदुका घाईनें करावयाच्या होत्या. तेव्हां चार नंबरच्या नमुन्यासाठीं शून्य, एक, दोन आणि तीन अशा आंकड्यांचीं चार डोकीं काढलीं. प्रत्येक डोकें मागच्यापेक्षां किंचित् लांब. बंदूक झिजून बैठक ढिली झाली, कीं शस्त्रागारांतला कारागीर पुढच्या आंकड्याचें डोकें लावून ती पुन्हां मापांत आणी. सर्वांत लांब डोकें लावूनहि माप जुळेना, म्हणजे बंदूक मोठ्या कारखान्याकडे किंवा मोडींत जाई. हें काम अंदाजानें होत नसे. त्यासाठीं काडतुसाच्या आकाराचीं पोलादी मापें असतात. एका मापावर बोल्ट मिटलाच पाहिजे. दुसऱ्या, किंचित् जाड मापावर तो मिटतां कामा नये. आणि बोल्ट लावावयाचा तो एका बोटाच्या हलक्या स्पर्शानें. जोर केला, तर पोलादहि खोटी साक्ष देतें.

बंदूक झिजते कशी, हाहि प्रश्न आपण विचाराल. प्रत्येक बारास बोल्टच्या खुंट्या मागच्या खांचेवर आदळतात. हजारों बारांनंतर ती जागा किंचित् दबते. आणखी एक कारण आम्हां मुलांस विशेष आश्चर्याचें वाटलें, तें म्हणजे तेल. आम्हांस वाटे, तेल लावलें कीं बंदूक खूष! परंतु कोठींत किंवा काडतुसावर तेल राहिलें, तर पितळ भिंतीस चिकटत नाहीं, तें घसरतें, आणि सगळा धक्का बोल्टवर येतो. ली-एनफील्डच्या बोल्टच्या खुंट्या मागच्या टोंकास आहेत, त्यामुळें तिला हा धक्का अधिकच जाणवतो. म्हणून गोळीबारापूर्वीं कोठी कोरडी पुसणें, हा केवळ शिस्तीचा भाग नव्हता.

मोठ्या यंत्रबंदुकांतहि हीच कथा. ब्राउनिंगची अर्ध्या इंची यंत्रबंदूक जगभर प्रसिद्ध आहे. तिची नळी बदलली, कीं सैनिकानें दर वेळीं स्वतः माप लावून बैठक जुळवावी, अशी तिची रचना होती. रात्रींच्या अंधारांत, थकलेल्या हातांनीं तें माप चुकलें, कीं बंदूक फुटे आणि माणसें जखमी होत. अखेर अमेरिकन सैन्यानें २०१० सालीं तिचा सुधारलेला नमुना स्वीकारला; त्यांत बैठक कारखान्यांतच कायमची बसविलेली असते. माणसाच्या सावधगिरीवर जें अवलंबून होतें, तें यंत्राच्या रचनेंत घालण्यास कित्येक दशकें लागलीं.

आपल्या पोलिसांजवळहि थ्री-नॉट-थ्री फार काळ राहिली. २००८ सालीं २६ नोव्हेंबरच्या रात्रीं मुंबईच्या छत्रपति शिवाजी टर्मिनसवर कांहीं पोलिसांनीं याच जुन्या बंदुका हातीं घेऊन अतिरेक्यांस तोंड दिलें. उत्तर प्रदेशाच्या पोलिसांनीं २०२० च्या प्रजासत्ताकदिनीं तिला समारंभानें निरोप दिला. म्हणजे तिची कथा सव्वाशें वर्षांहून मोठी.

आपण म्हणाल, "मास्तर, हें सैन्याचें आणि पोलिसांचें झालें. आमच्या घराशीं याचा संबंध काय?" तोच आतां सांगतों.

चार वर्षांपूर्वीं, नवरात्राच्या आरंभीं, माझा एक जुना विद्यार्थी घरीं आला. आतां तो स्वतःच पन्नाशीकडे झुकलेला, दिंडोरीकडे द्राक्षांचा बाग असलेला. आजोबांची बारा बोअरची दुनळी बंदूक वारसा हक्कानें त्याच्या नांवावर झाली होती. परवाना रीतसर होता. खंडेनवमीस पूजा झाल्यावर शेतावर दोन बार काढावे, असा त्याचा बेत. "सर, आपण बंदुकीतलं जाणतां, जरा नजर टाका," असें म्हणून तो मला आपल्या घरीं घेऊन गेला. बंदूक रिकामी आहे, याची दोघांनीं दोनदां खात्री केली. मग मीं ती मिटली आणि नळीस धरून हलकेंच हलविली. सांध्याशीं खुळखुळ जाणवली. खिडकीकडे धरून पाहिलें, तों नळ्यांचें मागचें तोंड आणि त्यामागील पोलादी भिंत यांमधून उजेडाची एक रेघ दिसली. बारा बोअरमध्यें बोल्ट नसतो; ती भिंतच बोल्टचें काम करते. तेथें उजेड दिसणें म्हणजे काडतुसाच्या बुडामागें मोकळी जागा असणें. दुसरीहि एक गोष्ट होती. जुन्या अशा बंदुकींची कोठी पुष्कळदां अडीच इंची असते, आणि त्यानें आणलेलीं काडतुसें होतीं पावणेतीन इंची. न उडविलेलें काडतूस दुमडलेल्या तोंडामुळें आंखूड असतें, म्हणून तें लहान कोठींतहि निमूटपणें बसतें, आणि मनुष्य फसतो. दुमड उघडावयास जागा मिळत नाहीं, आणि दाब भलताच वाढतो.

मीं त्याला म्हटलें, "अरे, ही बंदूक परवानाधारक कारागिरास दाखविल्याशिवाय उडवूं नकोस." त्याचा चेहरा उतरला. "सर, आजोबांनी हिच्यानं रानडुकरं मारली आहेत. साठ वर्षांत कधी काही झालं नाही." मीं म्हटलें, "साठ वर्षें कांहीं झालें नाहीं, हें त्या साठ वर्षांचें प्रमाणपत्र आहे, उद्यांचें नाहीं." तो कांहीं बोलला नाहीं. मला वाईट वाटलें. आजोबांच्या वस्तूंत दोष काढणें म्हणजे आजोबांत दोष काढणें, असें आपल्याकडे वाटतें. आणि तें वाटणें मला परकें नाहीं.

मीं घरीं जाऊन टेबलाच्या खणांतून ती पितळी नळकांडी काढली. उस्तादांनीं ती मला शिबिराच्या शेवटच्या दिवशीं दिली होती. दुसऱ्या दिवशीं मीं ती त्याच्या हातावर ठेवली, आणि १९७२ ची गोष्ट सांगितली. मी चुकलों होतों, हेंहि सांगितलें. तो बराच वेळ त्या फाटक्या कडेवरून बोट फिरवीत बसला. मग म्हणाला, "बरं, दाखवून घेतो." कारागिरानें मापें लावून पाहिलीं आणि सांगितलें कीं, सांध्याचा खिळा झिजला आहे, नळ्या जुन्या पिळाच्या लोखंडाच्या आहेत, आणि आजच्या दारूस त्या पुऱ्या पडणार नाहींत, ही बंदूक पूजेस ठेवावी, बारास काढूं नये. त्या वर्षीं शेतावर बार झाले नाहींत. माझ्या विद्यार्थ्यानें त्यानंतर कित्येक दिवस माझ्याकडे येणें टाळलें.

श्रोतेहो, या गोष्टींतून आपल्या घरापुरते चार नियम निघतात. पहिला: वारशानें आलेली बंदूक, ती कितीहि सुंदर असो, जाणत्या आणि परवानाधारक कारागिरानें मापें लावून पाहिल्याशिवाय उडवूं नये. तिच्यावर बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाचा शिक्का असला, तरी तो शिक्का त्या दिवसापुरता होता. त्यानंतरची झीज त्यानें पाहिलेली नाहीं. दुसरा: एका बंदुकीचा बोल्ट किंवा नळ्या दुसरीस लावूं नयेत, क्रमांक जुळतात कीं नाहीं, तें पाहावें. तिसरा: जें काडतूस बंदुकीवर लिहिलें आहे तेंच घालावें, बसतें म्हणून चालतें, असें समजूं नये. चौथा: घरच्या घरीं कानशीनें घासून, पत्रा घालून किंवा ठोकून कांहींएक करूं नये. १९५९ च्या शस्त्र कायद्यानें दुरुस्तीचें काम परवान्यावाचून करण्यास बंदी आहे, आणि ती बंदी शहाणपणाची आहे. २०१९ च्या दुरुस्तीनें तर लग्नकार्यांत किंवा उत्सवांत हौसेखातर बेफिकिरीनें बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यांत घालणें हाहि शिक्षेस पात्र असा गुन्हा ठरविला आहे. आकाशांत गेलेली गोळी परत जमिनीवरच येते, हें मुलांना शिकविण्यास विज्ञानाच्या मास्तराची गरज पडूं नये.

मीं वर्गांत मुलांना मापनाचा धडा शिकवीत असें, तेव्हां एखादा मुलगा हटकून विचारी, "सर, पाव मिलिमीटरनं काय बिघडतं?" अशा वेळीं मी खणांतून ती नळकांडी काढून वर्गांत फिरवीत असें. मुलें ती एकमेकांच्या हातांत देत, कडेवर बोट फिरवीत, आणि वर्ग आपोआप शांत होई. मापनाविषयीं मला यापेक्षां अधिक कांहीं सांगावें लागत नसे.

माझ्या त्या विद्यार्थ्याचें पुढें काय झालें, हें ऐकण्याची आपणांस उत्सुकता असेल. पुढच्या वर्षीं दसऱ्याच्या संध्याकाळीं तो आपट्याचीं पानें घेऊन दाराशीं उभा राहिला. सोनें माझ्या हातीं देऊन तो वांकला. बंदुकीचा विषय त्यानें काढला नाहीं, मींहि काढला नाहीं. जातांना मात्र त्याच्या बारा वर्षांच्या मुलानें मला विचारलें, "आजोबा, ती फाटलेली नळी मला दाखवाल का? बाबा सांगत होते." मीं ती काढून त्याच्या हातावर ठेवली. त्यानें ती उजेडाकडे धरून आरपार पाहिलें, आणि परत देण्यापूर्वीं तिची फाटकी कड बोटानें चांचपून पाहिली.